निवडणुकांनी दुभंगलेले देश: दादरच्या एका अभ्यासवर्गाचे आठ शनिवार

राष्ट्राध्यक्षपदाच्या गाजलेल्या निवडणुका आणि त्यांतून देशात पडलेली फूट या विषयावर दादर पश्चिमेला एका संस्थेने यंदा पावसाळ्यात आठ शनिवारांचा मराठी अभ्यासवर्ग घेतला. शुल्क २,४०० रुपये होते आणि वेळ सायंकाळी ५ ते ७.३० अशी होती. मुलुंडहून दर शनिवारी भर पावसात दादर गाठणे सोपे नव्हते, तरीही मी एकही सत्र चुकवले नाही, यावरूनच माझे मत बरेचसे कळेल. वर्ग शुल्काच्या मानाने निश्चितच मोलाचा आहे. मात्र त्यात दोन मोठ्या उणिवा राहिल्या असून त्या दोन्ही मुंबईशी संबंधित आहेत, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

आठ सत्रांपैकी सात अमेरिकेवर होती. पहिल्या सत्रात निवडणुकीची पद्धत समजावली. पुढे १८०० आणि १८२४ या दोन निवडणुका एकत्र घेतल्या आणि त्यानंतर १८६०, १८७६, १९६८, २००० व २०२० यांना प्रत्येकी एक सत्र दिले. शेवटच्या सत्रात भारताची १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि केनियाची २००७ ची निवडणूक अशा दोन्ही बसवल्या होत्या. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक मुख्य वक्ते होते आणि कायद्याची बाजू एका तरुण वकील बाईंनी सांभाळली. सर प्रत्येक सत्राची सुरुवात नकाशा आणि मतांच्या आकड्यांनी करत आणि मग एकच प्रश्न विचारत: हरलेल्या पक्षाने निकाल मान्य केला का, आणि केला तर कशाच्या बदल्यात? चौथ्या शनिवारी त्यांनी यात आणखी एका प्रश्नाची भर घातली. भांडणाऱ्या दोन पक्षांचा समेट झाला, तेव्हा त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली? माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रम या दुसऱ्या प्रश्नाभोवती रचायला हवा होता, कारण जिथे जिथे तो विचारला गेला तिथे तिथे वर्गात जीव आला.

तो चौथा शनिवार १८७६ च्या निवडणुकीचा होता. रिपब्लिकन पक्षाचे रदरफर्ड हेज आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल टिल्डन ही नावे मी त्याआधी क्वचितच ऐकली असतील. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी नव्हे, तर राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांनी ठरतो. अशा ३६९ निर्वाचक मतांपैकी विजयासाठी १८५ मते लागणार होती. टिल्डन यांच्या पदरात १८४ निर्विवाद मते पडली होती आणि सामान्य मतदारांच्या मतांतही त्यांना निम्म्याहून अधिक वाटा मिळाला होता. हेज यांच्याकडे १६५ मते होती. उरलेली २० मते वादात अडकली: फ्लोरिडाची ४, लुइझियानाची ८, साउथ कॅरोलायनाची ७ आणि ऑरेगनचे १. दक्षिणेतील तिन्ही राज्यांत निकालपत्रांचे दोन-दोन संच तयार झाले होते. सरांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. या राज्यांत कृष्णवर्णीय मतदारांना धमकावून आणि प्रसंगी ठार मारून मतदानापासून दूर ठेवले जात होते, त्यामुळे खरा कौल कोणता, हे केवळ मतपेट्या पुन्हा मोजून सांगताच येणार नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये साउथ कॅरोलायनातील हॅम्बर्ग येथे झालेल्या हत्यांचा वृत्तान्त त्यांनी वाचून दाखवला, तेव्हा सभागृहात कोणी हललेही नाही.

अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, यासाठी १५ जणांचा निवडणूक आयोग नेमला. त्यात सिनेटचे पाच, प्रतिनिधिगृहाचे पाच आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश होते. सात सदस्य एका पक्षाचे, सात दुसऱ्या पक्षाचे आणि न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस हे एकटे तटस्थ, असा तो हिशेब होता. पण नेमक्या त्याच वेळी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिले आणि ते आयोगावर आलेच नाहीत. त्यांच्या जागी रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली आले, आणि वादातील प्रत्येक प्रश्नाचा निकाल आठ विरुद्ध सात मतांनी हेज यांच्या बाजूने लागला. २ मार्च १८७७ रोजी १८५ विरुद्ध १८४ असा अंतिम आकडा जाहीर झाला. ४ मार्चला रविवार असल्यामुळे आणि वातावरण तापलेले असल्यामुळे हेज यांनी ३ मार्चलाच खासगीत शपथ घेतली.

यानंतर पडद्यावर वॉशिंग्टनमधील वॉर्मली हॉटेलचे चित्र आले. फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या लोकांची बैठक येथे झाली. हेज यांच्या निवडीत दक्षिणेने अडथळा आणायचा नाही आणि हेज यांनी दक्षिणेतील रिपब्लिकन सरकारांना लष्करी आधार द्यायचा नाही, असा त्या बोलण्यांचा रोख होता. हॉटेलचे मालक जेम्स वॉर्मली हे स्वतः कृष्णवर्णीय होते. सरांनी हे एका वाक्यात सांगितले आणि ते बराच वेळ गप्प राहिले. सैन्य मागे घेण्याचा कल आधीच निर्माण झाला होता, त्यामुळे त्या बैठकीला किती वजन द्यायचे याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पुढे काय घडले, याबद्दल मात्र वाद नाही. एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायनातील कोलंबिया आणि लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स येथील राज्य सरकारांच्या इमारतींभोवतीचे सैनिक छावणीत परतले आणि ती सरकारे कोसळली. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांना हक्क देऊ पाहणारा पुनर्रचनेचा काळ तिथे संपला. पुढच्या काही दशकांत साक्षरतेच्या परीक्षा, मतदानकर आणि उघड दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला गेला. एकट्या लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले. तो हक्क खऱ्या अर्थाने परत मिळवण्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

देश पुन्हा फुटू नये म्हणून केलेली तडजोड, असे या प्रसंगाचे वर्णन माझ्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांच्या वळणाने सहज करता येईल. ते खोटेही ठरणार नाही. पण ज्या लाखो माणसांच्या हक्कांवर ती तडजोड उभी राहिली, त्यांच्यापैकी कोणाचेही मत त्या वाटाघाटींत विचारात घेतले गेले नाही, हे सांगितल्याशिवाय ते वर्णन पूर्णही होत नाही. केवळ या एका सत्रासाठीसुद्धा मी २,४०० रुपये आनंदाने भरले असते.

१८६० चे सत्र त्या मानाने पातळ झाले. आकडे चोख होते: लिंकन यांना ३०३ पैकी १८० निर्वाचक मते मिळाली, तर लोकमतातला त्यांचा वाटा जेमतेम चाळीस टक्के होता. दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच उपलब्ध नव्हती. निकाल लागल्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटण्याचा ठराव केला आणि ४ मार्च १८६१ च्या शपथविधीपूर्वी सात राज्ये बाहेर पडली होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आजोबांनी विचारले, “सर, लिंकनच्या विरोधकांची मते तिघांत विभागली नसती, तर हे सगळे टळले असते का?” यावर सर म्हणाले, “काका, तुम्हीच बेरीज करून पाहा.” फळ्यावर बेरीज झाली. तिन्ही विरोधकांची मते प्रत्येक राज्यात एकत्र केली, तरी लिंकन यांच्या हातून कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि न्यू जर्सीतील मतेच जातात. त्यांच्याकडे १६९ मते उरतात आणि आवश्यक असतात १५२. दक्षिणेला ज्याची भीती वाटत होती, ते या आकड्यांतच होते. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा उमेदवार दक्षिणेच्या एकाही मताविना, केवळ उत्तरेच्या बळावर राष्ट्राध्यक्ष होऊ शकत होता. हा भाग उत्तम होता.

माझी पहिली तक्रार यापुढची आहे. दादरमध्ये बसून या निवडणुकीविषयी बोलताना कापसाला अवघी दोन मिनिटे मिळावीत, हे मला अजिबात पटले नाही. त्या फुटीतून पेटलेल्या यादवी युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जात असे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केल्यावर इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या लँकेशायर परगण्याच्या नजरा मुंबईकडे वळल्या, कापसाचे भाव भडकले आणि या शहरात अमाप पैसा वाहू लागला. बॅकबेच्या भरावाच्या कंपनीसह कितीतरी कंपन्या आणि बँका उभ्या राहिल्या, आणि कापसाचे व शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअरबाजार हलू लागला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि जुलैपर्यंत ही सारी इमारत ढासळली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंदांनी तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही ओव्हल मैदानाच्या कडेला आहे, आणि तो दादरहून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.

याची दुसरी बाजू मुंबईबाहेर आहे. तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने हवे तितके कर्ज दिले. भाव कोसळल्यावर तेच कर्ज त्याच्या मानेवर बसले आणि त्यात शेतसाऱ्याची वाढ येऊन पडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्याला इतरही कारणे होती, पण ज्या साखळीचा शेवट सुप्यात झाला, तिची एक कडी नोव्हेंबर १८६० च्या त्या मतदानात सापडते. समेटाची किंमत कोणी मोजली, असे विचारणाऱ्या वर्गाने हा धागा हातचा सोडायला नको होता. मी हे सरांना बोलून दाखवले आणि त्यांनी ते मनापासून मान्य केले.

१८०० च्या निवडणुकीत जेफर्सन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहाने छत्तिसाव्या फेरीत जेफर्सन यांना निवडून कोंडी फोडली. हा भाग रंजक असला तरी घाईने उरकला गेला. १९६८ चे सत्र मला विस्कळीत वाटले. वंशभेदाचे समर्थक असलेले तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली याचा १८७६ शी सरळ संबंध जोडता आला असता, पण बोलणे बराच वेळ डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोतील अधिवेशनावेळच्या दंगलीवरच रेंगाळले.

२००० चे सत्र वकील बाईंनी घेतले आणि ते अध्यापन म्हणून सर्वांत सरस ठरले. फ्लोरिडात सुमारे साठ लाख मतांमध्ये जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यात अवघ्या ५३७ मतांचे अंतर होते. त्यांनी भोके पाडायच्या मतपत्रिकांच्या प्रती आमच्या चार गटांना वाटल्या आणि कोणते मत वैध धरायचे ते ठरवायला सांगितले. चारही गटांचे निकाल वेगळे आले, आणि आमच्या गटात तर अर्धवट सुटलेल्या एका कागदी तुकड्यावरून दोन मित्रांचा चांगलाच वाद झाला. फेरमोजणी थांबवणारा १२ डिसेंबर २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि दुसऱ्याच दिवशी अल गोर यांनी मान्य केलेला पराभव या गोष्टी आधी केवळ वाचून माहीत होत्या. त्यांचा ताण त्या संध्याकाळी समजला. २०२० च्या सत्रात बाईंनी मते मांडण्याचे टाळून तारखा आणि कायदे यांपुरतेच बोलणे ठेवले. ६ जानेवारी २०२१ रोजी ज्या मतमोजणीच्या वेळी जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, ती मोजणी १८८७ च्या कायद्यानुसार चालली होती, आणि तो कायदा १८७६ च्या गोंधळातूनच जन्मला होता, हे त्यांनी दाखवून दिले. डिसेंबर २०२२ मध्ये त्या कायद्यात झालेल्या सुधारणाही त्यांनी थोडक्यात सांगितल्या.

आता दुसरी तक्रार. भारतावरचे सत्र शेवटी ठेवले आणि त्याच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास आला. ज्या बँकेत मी ३१ वर्षे नोकरी केली, ती १९ जुलै १९६९ रोजी राष्ट्रीयीकृत झालेल्या १४ बँकांपैकी एक आहे. त्या अध्यादेशावर सही करणारे कार्यवाहक राष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदासाठी अपक्ष उभे राहिले, हा क्रम मला या वर्गातच प्रथम नीट कळला. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. त्यांच्या अर्जावर इंदिरा गांधींची सूचक म्हणून सही होती आणि तरीही त्यांनी पक्षादेश न काढता अंतरात्म्याच्या आवाजानुसार मत देण्याचा मार्ग मोकळा केला. १६ ऑगस्टला मतदान झाले. २० ऑगस्टला पहिल्या पसंतीची मते मोजली गेली, तेव्हा गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८ मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांना दिलेले ठरावीक वजन) मिळाले होते, आणि विजयासाठी लागणारा कोटा कोणीही गाठला नव्हता. बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीची मते धरल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीवर लागण्याची ही आजवरची एकमेव वेळ आहे. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले, काँग्रेस दुभंगली, आणि त्यांच्या गटाचे अधिवेशन डिसेंबर १९६९ मध्ये मुंबईतच भरले.

इतके सगळे सांगून झाले, पण तिसऱ्या उमेदवाराची बोळवण एका वाक्यात झाली. ते तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्यात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे तेच देशमुख. ‘स्वतंत्र पक्ष’ आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर त्यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दोन पक्षांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागितली होती आणि त्यावरूनच पक्षातले भांडण चिघळले. म्हणजे निकालाची किल्ली देशमुखांच्या मतपत्रिकांच्या दुसऱ्या रकान्यात होती. मराठी श्रोत्यांसमोर, मुंबईत, ही कथा देशमुखांपासून सुरू व्हायला हवी होती. यशवंतराव चव्हाणांनी आधी उमेदवार ठरवणाऱ्या काँग्रेसच्या संसदीय मंडळात रेड्डींची बाजू घेतली आणि फुटीनंतर ते इंदिरा गांधींसोबत राहिले, मुंबईचे स. का. पाटील मात्र दुसऱ्या बाजूला राहिले. यावर तर एक स्वतंत्र सत्र सहज झाले असते.

समेटाच्या किमतीचा प्रश्न मी त्या दिवशी उठून विचारला. सर म्हणाले, “ताई, इथे समेट झालाच नाही, एक बाजू जिंकली.” मला ते उत्तर अपुरे वाटते. देश त्या निवडणुकीने फुटला नाही हे खरे, पण राज्याराज्यांतील नेतृत्वाला पक्षात जे स्वतःचे वजन होते ते त्यानंतर झपाट्याने ओसरले आणि मुख्यमंत्री दिल्लीत ठरू लागले. ही किंमतही कोणीतरी मोजलीच. केनियावर अवघी वीस मिनिटे खर्ची पडली. तिथे हजाराहून अधिक माणसे मारली गेली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने सत्तावाटप झाले, एवढेच कळले. इतक्या कमी वेळात तो विषय घेण्यापेक्षा वगळला असता तर बरे झाले असते.

सोयींविषयी थोडेसे. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला उद्वाहन नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. ध्वनिक्षेपक दोन शनिवारी बंद पडला आणि मागच्या रांगांना काही ऐकू आले नाही. पाचव्या शनिवारी पावसामुळे मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली होती आणि मी पाऊण तास उशिरा पोचले. चुकलेल्या भागाचे ध्वनिमुद्रण देण्याचे संयोजकांनी कबूल केले होते, पण दोनदा विचारूनही ते मिळाले नाही. छापील टिपणे मात्र उत्कृष्ट आहेत: प्रत्येक निवडणुकीचा नकाशा, आकड्यांचे कोष्टक आणि मुख्य कायदेशीर तरतुदींचे मराठी भाषांतर त्यांत आहे. ‘निर्वाचक’, ‘प्रतिनिधिगृह’, ‘मतमूल्य’ हे शब्द सर्व सत्रांत एकाच अर्थाने वापरले गेले, ही काळजी मराठी वर्गांत फार क्वचित घेतली जाते आणि तिचे श्रेय दोन्ही वक्त्यांना द्यायलाच हवे.

अमेरिकेच्या इतिहासाची आधीची ओळख नसली तरी हा वर्ग जड जात नाही. पहिले सत्र मात्र चुकवू नये. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे दहा-बारा विद्यार्थी आमच्यात होते, त्यांना १९६९ ची मतमोजणी फळ्यावर टप्प्याटप्प्याने पाहण्याचा विशेष फायदा झाला. पुढचा वर्ग दिवाळीनंतर असून त्यात १८६० च्या सत्राला कापसाची जोड देण्याचे आणि १९६९ ला पूर्ण अडीच तास देण्याचे सरांनी मान्य केले आहे. बँकेतील माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांची नावे मी त्यासाठी नोंदवली आहेत, आणि त्या शेवटच्या सत्राला त्यांच्यासोबत मीही पुन्हा बसणार आहे.